मंत्रात गेलेले तास

पावसाळ्यात मण्यार घरात शिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, तेव्हा अनेकदा त्याला जागही येत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, घोट गिळता येईनासा होतो. निम्मी रात्र अशीच गेलेली असते; उरलेली भगताच्या अंगणात जाते. तो कडुनिंबाच्या डहाळीने झाडतो, पाला चावायला देऊन कडू लागतो का विचारतो, दंशावर कोंबडीचं पिल्लू लावतो. तोवर श्वासाचे स्नायू थकत चाललेले असतात आणि सर्पविषावरची लस तालुक्याच्या रुग्णालयात पडून असते.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. त्यातली बहुसंख्य माणसं खेड्यांतली.

मग भगतावरचा विश्वास उडत का नाही? आपल्याकडच्या सापांच्या बहुतेक जाती बिनविषारी आहेत आणि विषारी सापही पुष्कळदा विष न सोडता चावतो. अशी माणसं काहीही न करता बरी होतात आणि ‘गुण आला’ म्हणून मंत्राचा लौकिक वाढतो. दगावलेल्याच्या घरी मात्र विटाळ झाला, नवस चुकला, वेळच भरली होती, असं सांगितलं जातं. विटाळाचा ठपका येतो तो घरातल्या बाईवर, तोही तिच्याच घरात मयत झालेलं असताना. जी श्रद्धा आपलं अपयश कधी मोजतच नाही, ती सुधारणार कशी?

विंचूदंशाच्या बाबतीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ते मोजलं. १९७६मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात ते रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाचं विष भिनून गंभीर झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. खाटेशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, फुफ्फुसांत भरणारं पाणी यांच्या नोंदी ठेवल्या. रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरात आणली आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. कोकणातल्या कोणत्याही मंत्राच्या नावावर असा हिशेब नाही.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला. पण नातेवाईकच हात जोडून भगताकडे जातात, तेव्हा ‘रोखलं’ हे सिद्ध कसं करायचं? तक्रार तरी कोण देणार? शिवाय आरोग्य केंद्रात लस नसेल, किंवा ती द्यायला डॉक्टर धजत नसेल, तर भगताचं दार जवळचंच वाटणार. हे दोष सरकारचे आहेत आणि ते सरकारनेच दूर केले पाहिजेत.

सर्पदंशाचे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्याचं केंद्राचं उद्दिष्ट आहे. प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करा, असं केंद्राने राज्यांना नोव्हेंबर २०२४मध्ये सांगितलं. महाराष्ट्राने त्या नोंदीत आणखी एक रकाना घालावा: चावल्यावर आधी कुठे नेलं आणि तिथे किती तास गेले. वर्षअखेरीस हे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत, भगतालाही समोर बसवून.