ज्याच्याकडे गाडी आहे, त्यालाच विचारा

1898 साली ओहायो राज्यातल्या वॉरन गावच्या जेम्स वॉर्ड पॅकार्ड यांनी विंटन कंपनीची मोटार घेतली. ती सारखी बिघडू लागली. तक्रार केल्यावर अलेक्झांडर विंटन यांनी ‘मग यापेक्षा चांगली बनवून दाखवा’ असे आव्हान दिले, असे सांगतात. पॅकार्ड यांनी 1899 मध्ये स्वतःची गाडी रस्त्यावर आणली.

त्रासलेल्या ग्राहकाने उभारलेल्या या कंपनीचे घोषवाक्यही तसेच होते: ‘ज्याच्याकडे ती आहे, त्याला विचारा.’ असे म्हणायला आपल्या मालावर भरवसा लागतो, आणि पॅकार्डकडे तो होता. 1915 मध्ये तिने बारा सिलिंडरची ‘ट्विन सिक्स’ आणली. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसची मर्लिन विमान-इंजिने डेट्रॉइटमध्ये बनवली.

1954 साली पॅकार्डने अडचणीतली स्टुडबेकर कंपनी घेतली आणि भांडवलाची ओढाताण वाढली. 1955 च्या मॉडेलमधल्या टॉर्शन बार सस्पेन्शनचे कौतुक झाले. मात्र घाईने हलवलेल्या उत्पादनामुळे जुळणीचा दर्जा घसरला. मालक नाराज झाले. 1956 मध्ये डेट्रॉइटमधले उत्पादन थांबले, 1958 मध्ये पॅकार्ड हे नावही बाजारातून गेले.

बड्या कंपन्यांची स्पर्धा हे या अस्ताचे मोठे कारण होतेच. पण गाडीमालकाचा शब्द ही जिची खरी पुंजी, तिला तो गमावणे परवडणारे नव्हते. म्हणून या अंकात आम्ही इतिहासाइतकीच जागा मालकांच्या अनुभवांना दिली आहे. वाचकहो, तुमच्या गाडीचे बरे-वाईट अनुभवही आम्हाला मोकळेपणाने लिहून कळवा.