वस्तऱ्याचे वावडे

आपल्या माळव्यातील जुन्या मराठी घरांत हातांच्या कौशल्याची एक चमत्कारिक वर्गवारी रूढ आहे. सतार शिकणे ही कला, पोहणे हा व्यायाम, आणि अलीकडे स्वयंपाक हा पुरुषांनाही शोभणारा छंद. मात्र घरी वस्तऱ्याने स्वतःची दाढी करावयास शिकतो म्हटले, की तो थट्टेचा विषय होतो. ‘सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन हा काय न्हाव्याचा धंदा मांडलात?’ हा प्रश्न मी गेली दोन वर्षे ऐकत आहे. त्याचे उत्तर एकदा लेखी द्यावे म्हणतो. ते थोडे बिनपाण्याने झाले, तर वाचकांनी राग मानू नये.

पहिला आक्षेप धोक्याचा. नवशिक्याच्या हाती वस्तरा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असे म्हणतात. हात कापत असेल किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर या वाटेला जाऊच नये. हे मला मान्य आहे. इतरांसाठी मात्र ही विद्या गूढ नाही, ती केवळ सावकाशीची आहे. गरम पाण्याने केस दोन-तीन मिनिटे भिजले, की ते मऊ होतात. एका हाताने कातडी ताणावी, पाते गालाशी सुमारे 30 अंशांच्या कोनात धरावे, आणि केसांच्या कलाने, दाब न देता न्यावे. पहिले काही आठवडे फक्त गाल करावेत. हनुवटी आणि वरचा ओठ नंतर. दगडावर धार लावताना पात्याची पाठ आणि धार दोन्ही टेकतात, त्यामुळे योग्य कोन हत्यारच सांभाळते. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताना पाठ पुढे आणि धार मागे ठेवावी. उलटवताना पाते पाठीवरून वळवावे. एवढे नियम ज्याला जड वाटतात, त्याने आपण आयुष्यभर नियमावल्या कशा राबवल्या, हे आठवावे.

दुसरा आक्षेप प्रगतीचा. किंग जिलेट यांना 1904 साली अमेरिकेत सुरक्षित रेझरचे पेटंट मिळाले, आणि घाईच्या माणसाची मोठी सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 1971 मध्ये दोन पाती, 1998 मध्ये तीन आणि 2006 मध्ये पाच, या चढत्या भाजणीला प्रगती म्हणावयाचे की विक्रीकला? प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेली ती पाती बोथट झाली, की सरळ कचऱ्यात जातात. चांगला वस्तरा मात्र धार लावून लावून अनेक दशके चालतो.

खरा आक्षेप या दोहोंच्या आड दडलेला आहे. तो ‘न्हाव्याचा’ या शब्दात आहे. आपल्या घराण्यांतील पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या आपला गळा न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली निःशंक ठेवला. पण ते हत्यार स्वतः हाती धरणे त्यांना कमीपणाचे वाटले. ज्याच्या हातावर जीव सोपवतो, त्याच्या हुन्नराला हलके लेखावयाचे, ही कोणती प्रतिष्ठा? संत सेना महाराजांचे अभंग आपण भक्तिभावाने गातो. एका परंपरेप्रमाणे ते बांधवगडचे, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशातले. त्यांनी धोकटीतल्या वस्तूंना अध्यात्माच्या पातळीवर नेले. आपण अभंग घेतला, आणि धोकटी उंबऱ्याबाहेर ठेवली.

आणखी एक आठवण द्यावयास हवी. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. पांढरपेशी घरे शास्त्राधार शोधत बसली होती, तेव्हा वस्तरा कोठे चालवू नये, हे वस्तरा चालवणाऱ्यांनी सांगितले. हत्याराची नीती हत्यार जाणणाऱ्यालाच आधी कळली. तेव्हा आपल्या प्रतिष्ठेचा पाढा यापुढे जरा हळू म्हणावा.

अलीकडे याच्या उलट टोकाचे एक खूळही दिसते. नातवंडे परदेशी बनावटीचा महागडा वस्तरा मागवतात, शिसवी मुठीचे कौतुक करतात, आणि त्याला ‘आपला वारसा’ म्हणतात. वारसा कोणाचा? ज्यांनी तो सांभाळला, त्यांच्या दुकानाची पायरी ही मंडळी चढली आहेत काय?

ती पायरी चढण्याची वेळ आता आहे. एकाचा वस्तरा दुसऱ्यास वापरल्याने हिपॅटायटिस आणि एचआयव्हीसारखे रोग पसरू शकतात, हे कळल्यापासून दुकानांत दरवेळी नवे पाते बसवण्याची पद्धत आली. ती योग्यच आहे. ती मोडू नये. पण तिच्यामुळे दगड आणि पट्टा दुकानांतून उठले, आणि धार लावण्याची विद्या मोजक्या वृद्ध कारागिरांच्या बोटांत उरली. अखंड पात्याच्या वस्तऱ्याला आता निर्धोक जागा एकच: ज्याचा त्याने वापरावा, असे घर. म्हणूनच घरी शिकणे हा छांदिष्टपणा नाही. ही विद्या टिकण्याचा तोच मार्ग उरला आहे.

तेव्हा ज्याला शिकावयाचे असेल, त्याने आधी वस्तरा विकत घेऊ नये. आपल्या मोहल्ल्यातील सर्वांत वयोवृद्ध कारागीर शोधावा, त्याला ‘अहो’ म्हणावे, सतारीच्या गुरुजींना देतो तशी दक्षिणा द्यावी, आणि पहिला महिना केवळ पट्ट्यावर हात बसवावा. ज्यांना हे शिकावयाचे नसेल, त्यांनी खुशाल पाच पात्यांनी दाढी करावी. फक्त ‘न्हाव्याचा धंदा’ हे शब्द उच्चारताना ओठ मुडपू नयेत.