टपालातून येणारे परदेशी बी

शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी परदेशी गेलेली मुले घरची शेती विसरत नाहीत, ही समाधानाची गोष्ट आहे. त्या आठवणीपोटीच कोणी कॅलिफोर्नियातून टोमॅटोचे, कोणी हॉलंडातून ढोबळ्या मिरचीचे, तर कोणी अभ्यासदौऱ्यावरून परतताना खरबुजाचे मूठभर बी घरी धाडतो वा घेऊन येतो. अशा बियांविषयी आमच्या सभासदांकडून वारंवार पृच्छा होते. बहुतेक पत्रांचा रोख एकच असतो: पाकीट कस्टममध्ये अडकले आहे, ते सोडवून कसे घ्यावे? ज्यांचे पाकीट अडकले नाही ते आम्हांस पत्र लिहीत नाहीत, आणि आम्हांस खरी काळजी वाटते ती त्यांचीच.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. दाखल्यावाचून आलेले परदेशी बी शेतकऱ्याने आपल्या रानात पेरू नये, मग ते पोटच्या मुलाने पाठविलेले का असेना. परंतु जो नियम हे बी अडवितो, त्याने लहान शेतकऱ्यास एक सरळ, स्वस्त आणि वेळेवर उघडणारी वाटही ठेविली पाहिजे. ती आज नाही. आणि नाही म्हणूनच बी कपड्यांच्या घड्यांतून आणि लोणच्याच्या बरण्यांमागून देशात शिरते.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. मूळ कायदा १९१४ सालचा, उपद्रवी किडी व रोग ह्यांस आळा घालण्यासाठी केलेला. त्याच्या आधारे २००३ साली वनस्पतींच्या क्वारंटाइनचा आदेश निघाला व तोच पुढील दुरुस्त्यांसह आज चालू आहे. करोनाच्या साथीत क्वारंटाइन हा शब्द घरोघरी पोहोचला. वनस्पतींचे क्वारंटाइन ते त्याच जातीचे. ह्या आदेशान्वये पेरणीसाठी बी आणावयाचे तर आपल्या सरकारचा आयात-परवाना आधी हाती पाहिजे, आणि ज्या देशातून बी निघते तेथील सरकारने दिलेला पीक-आरोग्याचा दाखला बियांबरोबर आला पाहिजे. ह्या दाखल्याची पद्धत १९५१ साली रोम येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेली असून तो आपल्या देशासही बंधनकारक आहे. माल ठरवून दिलेल्या बंदरावर, विमानतळावर वा टपालकचेरीतच उतरतो, तेथे तपासला जातो, आणि कागद अपुरे असल्यास परत धाडला जातो किंवा नष्ट केला जातो. बियांबरोबर माती तर मुळीच चालत नाही. काही पिकांचे बी वा बेणे अधिकृत संस्थांवाचून इतर कोणासही आणता येत नाही.

पुष्कळांचा असा समज दिसतो की, पाकिटावरील कस्टमच्या चिठ्ठीत 'भेट' अथवा 'विक्रीसाठी नव्हे' असे लिहिले म्हणजे काम भागले. तसे नाही. त्या चिठ्ठीचा संबंध जकातीशी आहे. रोगाला भेट आणि विक्री ह्यांतला फरक कळत नाही. दुसरा समज असा की, नामांकित कंपनीचे छापील, हवाबंद पाकीट म्हणजेच दाखला. तेही खरे नव्हे. ते पाकीट त्या देशातील बाजारासाठी भरलेले असते आणि त्यावरील उगवणीचा टक्का आपल्या सरकारला उद्देशून लिहिलेला नसतो. तिसरा समज अधिक आदरणीय आहे. २००१ च्या वाण-संरक्षण कायद्याने शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छापाशिवाय विकण्याचाही हक्क दिला आहे. मग टपालखात्याने मध्ये का यावे, असे आमचे काही मित्र विचारतात. हक्क खराच आहे व तो आम्हांस प्रिय आहे. परंतु तो आपल्या देशातील कायद्याने आपल्या देशातील देवघेवीसाठी दिलेला आहे. सीमेपलीकडून येणाऱ्या पाकिटाला तो लावता येत नाही.

आता ह्या कडकपणाचे कारण. आमच्या मराठवाड्यातील वाचकांस ते पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही. तेलासाठी सूर्यफूल हे पीक आपल्या देशात १९६९ साली रशियातून आणलेल्या वाणांपासून सुरू झाले. पुढे पंधरा वर्षे केवडा हा त्याचा रोग येथे कोणास ठाऊक नव्हता. १९८४ साली तो लातूर व आसपासच्या भागात प्रथम दिसला. झाड खुजे राहते, पाने पिवळी पडतात, पानाखाली पांढरी बुरशी चढते, आणि फूल आभाळाकडे तोंड करून उभे राहते परंतु दाणा भरत नाही. ही बुरशी बियांतून प्रवास करते, आणि येथेही ती बाहेरून आलेल्या बियांबरोबरच आली असे जाणत्यांचे मत आहे. एकदा जमिनीत शिरल्यावर तिचे बीजाणू तेथे वर्षानुवर्षे तग धरतात. लातूरच्या संशोधन केंद्रास ह्या रोगाला दाद न देणारा संकर काढण्यासाठी श्रम वेचावे लागले. त्या श्रमांचा, त्या पैशांचा आणि दरम्यान बुडालेल्या पिकांचा हिशेब एका न तपासलेल्या गोणीच्या नावे मांडावा लागेल.

गाजरगवताची कथा तर सर्वांच्या बांधावरच उभी आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेस आले. अमेरिकेतून आणलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सर्वत्र मानले जाते. एकेक झाड हजारोंनी बी धरते. जनावर त्याला तोंड लावीत नाही, माणसाच्या अंगाला खाज सुटते, दमा बळावतो. ह्या कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ च्या सुमारास बंगळूर येथे सोडण्यात आला, तो मेक्सिकोतून आणून, बंदिस्त ठेवून, आपल्या पिकांवर उपजीविका करतो की काय ह्याची परीक्षा घेतल्यानंतर. गवत आले ते विचारल्यावाचून. त्याचा शत्रू आला तो परवाना घेऊन. त्या भुंग्याने गवत संपविले नाही हे खरे, पण पावसाळ्यात कित्येक ठिकाणी त्याने पाने चाळणीसारखी केलेली आम्ही पाहिली आहेत.

आणि बागेच्या हौसेविषयी म्हणावे तर घाणेरी व जलपर्णी ह्या दोन्ही बलांना आपल्या देशात कोणी बलात्काराने आणले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घाणेरी फुलांसाठी कलकत्त्याच्या बागेत लावली गेली, त्याच शतकाच्या अखेरीस जलपर्णी तिच्या जांभळ्या तुऱ्यांसाठी बंगालात आली. आज एकीने डोंगरउतार व्यापले आहेत, दुसरीने नद्या.

येथे कोणी सूज्ञ वाचक आम्हांस थांबवून म्हणेल की, तुमचेच दाखले तुमच्यावर उलटतात. गहू सरकारने आणला, सूर्यफुलाचे बी व्यापाराने आणले. शेतकऱ्याच्या पाकिटाने कोणता अनर्थ केला? आक्षेप वजनदार आहे व आम्ही तो टाळू इच्छीत नाही. मोठ्या खेपांनी मोठे अनर्थ केले, ह्यात संशय नाही, आणि बंदरावरील तपासणी जितकी कडक होईल तितकी आम्हांस हवीच आहे. परंतु मोठ्या खेपेची निदान नोंद असते. कोणी, कोठून, केव्हा, कोणत्या गोदामात माल नेला हे मागाहून शोधता येते. पाकिटाचा माग राहत नाही. २०१४-१५ च्या सुमारास इस्रायल व जॉर्डन ह्या देशांत टोमॅटोवर एक नवा विषाणू दिसला, जो फळावर तपकिरी, खरखरीत डाग पाडतो. तो बियांच्या सालीवर बसून देशोदेशी गेला, आणि एकदा शेतात आला की हातांनी, खुरप्यांनी, दोऱ्यांनी झाडोझाड पसरतो. ते बी डोळ्यांना निरोगी दिसते. नारायणगाव वा संगमनेरच्या टोमॅटोपट्ट्यात असले एक पाकीट रोपवाटिकेत पेरले गेले, तर कोणत्या घरातून आरंभ झाला हे कोणासही सांगता येणार नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत घरोघरी न मागविलेल्या बियांची पाकिटे येऊन पडली. बहुतेकांवर चीनचे शिक्के होते आणि कित्येकांवर आत दागिना आहे असे लिहिलेले होते. तेथील शेतकी खात्यास हा प्रकार मुख्यतः खोट्या विक्रीच्या नोंदी करणाऱ्या व्यापाऱ्यांचा वाटला. तरीही त्यांनी लोकांस बी पेरू नका, फेकू नका, आमच्या हवाली करा असे बजाविले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपल्या केंद्रीय शेतकी मंत्रालयानेही राज्यांस सावधगिरीची सूचना दिली. दागिना म्हणून बी येऊ शकते, एवढे जरी ह्यावरून कळले तरी पुरे.

परंतु त्याच अमेरिकेचा दुसरा एक नियम आमच्या सरकारने अवश्य अभ्यासावा. तेथे हौशी बागवानास अल्प बियांसाठी निराळा परवाना मिळतो. एका पाकिटात एका जातीचे पन्नासपर्यंत बी अथवा वजनाने १० ग्रॅमपर्यंत, आणि एका खेपेत जास्तीत जास्त पन्नास पाकिटे. प्रत्येक पाकिटावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, पाठविणाऱ्याचे नाव व मूळ देश. बियांस औषध चोळलेले नको, माती नको, शेंगेचा वा फळाचा तुकडा नको. असे पाकीट आधी सरकारी तपासणीकेंद्राकडे जाते, तेथे पाहिले जाते आणि मग मालकास मिळते. त्यासाठी परदेशी सरकारच्या दाखल्याची अट घातलेली नाही. सर्वच जातींना ही सवलत नाही. धोक्याच्या जाती वगळलेल्या आहेत. उलट युरोपीय संघाने डिसेंबर २०१९ पासून पेरणीच्या बियांना, मग ती कितीही थोडी असोत, दाखल्याची सक्ती केली आहे. दोन्ही देशसमूह आपल्या शेतीस जपणारेच आहेत. आम्हांस अमेरिकेची वाट अधिक शहाणपणाची वाटते, कारण ती माणसास खिडकीशी आणते. दुसरी त्यास कुंपणाकडे वळविते.

आपल्याकडे मूठभर बियांस आणि जहाजभर बियांस परवाना व दाखला ह्यांची तीच जोडी लागते. व्यापाऱ्याला ती झेपते, त्याची माणसे त्यासाठीच असतात. पाच एकरांच्या बागाईतदाराने वीस बियांसाठी परक्या देशाच्या अधिकाऱ्याचा दाखला कसा मिळवावा? बियांच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च त्या कागदास यावयाचा. म्हणून तो नाद सोडतो किंवा नियम सोडतो. आमची मागणी अशी आहे की, भाजीपाला व फुलझाडांच्या ठराविक जातींसाठी पाकिटातील बियांची मर्यादा घालून अल्प-बी परवाना सुरू करावा. ही पाकिटे मुंबईच्या क्वारंटाइन केंद्रात तपासावीत. आणि जेथे संशय असेल तेथे राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या बंदिस्त घरांत एक हंगाम वाढवून मग शेतकऱ्यास बी द्यावे. तपासणीचा आकार शेतकरी भरील. मृगाच्या आधी मागितलेले बी दिवाळीनंतर हाती येणार असेल तर मात्र ह्या सर्व खटाटोपास अर्थ नाही; म्हणून मुदतही नियमातच घातली पाहिजे. हे काम अशक्य नाही. दिल्लीची राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्था संशोधकांसाठी परदेशी वाणांची थोडी थोडी बी नित्य आणविते, क्ष-किरणांखाली धरून दाण्यातील लपलेली कीड पाहते, रुजवून रोग पारखते. विद्या देशात आहे. ती सामान्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत यावयाची राहिली आहे.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपणही पाठवितो. लेकीला न्यू जर्सीत परसात वाल व पडवळ लावावयाचे असते, आणि आई पाकिटात बी घालते. कडधान्य पोखरणाऱ्या आपल्या भुंग्यांचे व विशेषतः खापऱ्याचे परदेशात किती भय आहे ह्याची आपणांस कल्पना नसते. खापरा हा मूळचा आपल्याच उपखंडातील किडा. त्याच्या भीतीने २०२१ पासून अमेरिकेने हरभरा, मूग, मसूर, तीळ, धणे अशा कितीतरी वस्तू आपल्याकडील प्रवाशांच्या सामानातून नेण्यास मनाई केली आहे. तेव्हा लेकीला आधी तेथील अल्प-बी परवाना काढावयास सांगावे व तिच्या परवान्यातील सूचनांप्रमाणेच पाकीट धाडावे. संशोधनासाठी अथवा व्यापारासाठी परदेशस्थ कोणी आपले गावठी बी मागत असेल, तर प्रकरण निराळे होते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे त्याने चेन्नई येथील राष्ट्रीय प्राधिकरणाची संमती आधी घेतली पाहिजे, आणि ती घेतली आहे की नाही हे विचारण्यास आपण संकोच करू नये.

नियम सुधारेपर्यंत सभासदांनी काय करावे? एखाद्या परदेशी वाणाची खरोखर आवश्यकता वाटत असेल तर एकट्याने पाकीट न मागविता पाचदहा जणांनी मिळून जवळच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे वाणाचे नाव व कारण लिहून मागणी करावी. आमच्या कचेरीकडे तशी पत्रे आल्यास आम्ही ती एकत्र करून पुढे पाठवू. न मागविलेले बी टपालाने आले तर पाकीट न फोडता तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे द्यावे व पोच घ्यावी. उकिरड्यावर टाकू नये. तेथे ते रुजते. आणि ज्यांनी गेल्या हंगामात असे बी पेरले आहे, त्यांनी त्या वाफ्यातील झाडांवर काही अनोळखी लक्षण दिसताच झाड उपटून शेजाऱ्याच्या बांधावर न टाकता आधी जाणकारास दाखवावे, आणि तोवर त्या वाफ्यातील खुरपे दुसऱ्या वाफ्यात नेऊ नये.