काळा माणूस तपास करतो, पोटदुखी कोणाला?

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाच्या आठवणीत दरवर्षी दीक्षाभूमीवर सोहळा भरतो. मागे त्या सोहळ्याहून परतताना आम्ही आठदहा जण मूलला एका स्नेह्याच्या घरी मुक्कामाला थांबलो. जेवणे झाली. नागपुरात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने लॅपटॉप टीव्हीला जोडून एक विलायती मालिका लावून दिली. नाव 'मर्डर इज इझी', म्हणजे खून करणे सोपे असते. बीबीसीने ती डिसेंबर २०२३ मध्ये, नाताळ उलटल्यावर, दोन भागांत दाखवली होती. अगाथा ख्रिस्तीच्या १९३९ सालच्या कादंबरीवर ती बेतलेली आहे. इंग्रजी सगळ्यांना कळत नव्हते. मुलगी मध्ये मध्ये थांबवून सांगत होती. तरी रात्री साडेबारापर्यंत एकही माणूस जागचा उठला नाही!

कथा थोडक्यात अशी. आगगाडीत एका तरुणाला एक म्हातारी बाई भेटते. आमच्या गावात एकामागून एक खून होत आहेत, पण सगळे त्यांना अपघातच समजतात, म्हणून मी लंडनला पोलिसांकडे निघाले आहे, असे ती सांगते. तरुणाला तो म्हातारीच्या डोक्यातला खेळ वाटतो. पुढे ती बाई लंडनच्या रस्त्यात मोटारीखाली सापडून मरते आणि तिने ज्याचा नंबर आता लागेल म्हणून सांगितले होते, तो डॉक्टरही मरतो. मग हा तरुण त्या गावी जातो. कादंबरीत मेलेले लोक कोण आहेत ते पाहा. मोलकरीण अंधारात खोकल्याच्या औषधाऐवजी टोपीचा रंग प्याली. खिडक्या पुसायला गेलेला पोरगा वरून पडला. दारुडा नदीत बुडाला. यांच्या मरणाला कोण विचारतो? खुनी कोण हे आम्ही सांगत नाही, वाचकांची मजा जाईल. पण खून सोपा का होतो, हे ख्रिस्तीबाईंनी नावातच सांगून ठेवले आहे. तुमच्यावर कोणी संशयच घेत नसेल, तर खून सोपा असतो.

बीबीसीने एक बदल केला. तपास करणारा तरुण, ल्यूक फिट्झविल्यम, कादंबरीत गोरा आहे. पूर्वेकडच्या ब्रिटिश वसाहतीत पोलिसात नोकरी करून तो मायदेशी परतलेला असतो. मालिकेत तो नायजेरियातून आलेला काळा तरुण आहे. काळ १९५४ चा. लंडनच्या सरकारी कचेरीत रुजू व्हायला तो निघालेला आहे. डेव्हिड जॉन्सन या काळ्या ब्रिटिश नटाने ही भूमिका केली. पटकथा सियान एजिवुन्मी-ले बेर यांची आणि दिग्दर्शन मीनू गौर यांचे. 'जिंदा भाग' या पाकिस्तानी चित्रपटाच्या सहदिग्दर्शिका त्या ह्याच.

झाले! तिकडच्या प्रेक्षकांत दोन तट पडले. काहींना मालिका आवडली. काहींना ती संथ आणि पसरट वाटली, आणि त्यात तथ्य आहे. दुसऱ्या भागात आमच्यातल्या दोघांचा डोळा लागला होता. पण एका गटाची तक्रार वेगळीच होती. मूळ पुस्तकाची मोडतोड केली, ख्रिस्तीच्या गावात काळा माणूस घुसवला, हा सगळा 'वोक'पणा आहे! आमचा विषय हा तिसरा गट आहे, कारण त्याचे भाऊबंद आम्हाला इकडेही रोज भेटतात.

पुस्तकाशी इमान हा मुद्दा असेल तर आमचे काही प्रश्न आहेत. याच कादंबरीवर २००९ साली इंग्लंडात आयटीव्ही वाहिनीने एक भाग केला होता. त्यात मिस मार्पल तपास करते. कादंबरीत मिस मार्पल औषधालाही नाही! पुढे शेरलॉक म्हणून जगभर गाजलेला बेनेडिक्ट कंबरबॅच त्यात ल्यूक झाला होता, आणि कथाही पुष्कळ बदललेली होती. तेव्हाही चोखंदळ वाचक कुरकुरले. पण एक गोरी म्हातारी घुसवली म्हणून संस्कृती बुडाल्याचा टाहो कोणी फोडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. १९५४ च्या इंग्लंडात काळा माणूस कुठला, असेही काही जण विचारतात. १९४८ सालीच 'विंडरश' बोट वेस्ट इंडिजची शेकडो माणसे घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागली होती आणि त्याच वर्षी कायद्याने वसाहतींतल्या प्रजेला ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क दिला होता. म्हणजे पुस्तकही नाही आणि इतिहासही नाही. मग दुखते कुठे?

आमच्या मते खरी मेख येथे आहे. काळा माणूस त्या मालिकेत गाडीवान असता, स्वयंपाकी असता, अगदी संशयित असता, तर कोणी ब्र काढला नसता. येथे तो संशय घेणारा आहे. लॉर्डाच्या दिवाणखान्यात बसून तो विचारतो, त्या रात्री आपण कोठे होता? जुन्या कादंबरीत वसाहतीच्या लोकांवर नजर ठेवलेला गोरा पोलीस घरी येऊन तपास करतो. नव्या मालिकेत ज्यांच्यावर नजर ठेवली गेली, त्यांच्यातलाच एक साहेबाच्या गावावर नजर ठेवतो. हा उलटफेर पचायला जड आहे. ख्रिस्तीबाईंच्या काळाबद्दल भाबडेपणा नको. १९३९ सालीच आलेल्या त्यांच्या दुसऱ्या एका जगप्रसिद्ध कादंबरीच्या मूळ नावात काळ्या माणसांना देण्याची शिवी होती. अमेरिकेत ती १९४० साली बदलली. इंग्लंडात तीच शिवी मुखपृष्ठावर छापून पुढे कित्येक दशके पुस्तक खपत राहिले.

आता मूलच्या आमच्या प्रेक्षकांचे मत. आमच्या पिढीने वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड वाचला, १९९३ साली दूरदर्शनवर ब्योमकेश बक्षी पाहिला. त्यातले कोणी आपल्या वस्तीतले नाही, हे तेव्हा मनातही आले नाही. त्या रात्री मात्र पहिला शब्द निघाला तो सिंदेवाहीकडून आलेल्या एका शेतमजूर बाईंचा. "त्या बुढीचं कोनी आयकलं नाई ना, तेच तर खरं हाये." दुसरे एक गृहस्थ हसून म्हणाले, "आमच्याकडं जंगलात मुर्दा भेटला का पयलं वाघाचंच नाव घेतेत." सगळे हसले, मग गप्प झाले. अनैसर्गिक मृत्यूची चौकशी पोलिसांनी करावी असे कायदा पूर्वीही सांगत होता, आजही सांगतो. २०२४ पासून फक्त कलमाचा आकडा बदलला. पण 'मर्ग' दाखल झाला, पंचनाम्यावर अंगठे उठले, की बहुतेक घरे रडून मोकळी होतात. विहीर, साप, दारू, वीज. गडचिरोलीत तर मेलेल्याला 'खबऱ्या' म्हटले की एका बाजूने प्रश्न संपतो आणि 'नक्षलवादी' म्हटले की दुसऱ्या बाजूने.

म्हणूनच आम्हाला देसाईगंज आठवले. २६ मार्च १९७२. तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. प्रकरण खुनाचे नव्हते, पोलीस ठाण्यातच मजूर घरातल्या एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचे होते. तिची तक्रार नोंदली गेली, कारण ठाण्यासमोर लोक जमले आणि हटेनात. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असा तर्क! एखाद्या गुप्तहेर कथेत असा तर्क लढवणारा इन्स्पेक्टर वाचकांच्या चेष्टेचा विषय झाला असता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सर्वोच्च न्यायालयाला खुले पत्र लिहिले, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने 'माझी संमती नव्हती' म्हटले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, ही तरतूद त्यातून आली. आगगाडीतल्या म्हातारीचे कोणी ऐकत नाही, ती गोष्ट ख्रिस्तीबाईंनी कल्पनेतून रचली. वडशाची गोष्ट दप्तरात आहे.

आपल्याकडे असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. २०२३ सालीच रीमा कागती आणि झोया अख्तर यांची 'दहाड' ही वेबमालिका आली. त्यात राजस्थानातली दलित फौजदार बाई एकामागून एक बेपत्ता झालेल्या मुलींचा माग काढते, ज्यांच्या घरच्यांनी लाजेपोटी तक्रारही दिलेली नसते. आम्हाला ती आवडली. पण मूलच्या त्या मुलीने लगेच विचारले, फौजदार आपली, मग भूमिकेत सोनाक्षी सिन्हाच का? बीबीसीने निदान नट तरी त्या समाजातला घेतला! काही जण म्हणाले, मोठे नाव नसते तर पैसा कोणी लावला असता? वाद बराच रंगला आणि मिटला नाही. आम्ही मुलीच्या बाजूचे आहोत. मात्र आमची बीबीसीवरही एक तक्रार आहे. काळा नायक गावात आला, पण मेलेल्या मोलकरणीची आमच्या मनात चुटपुट लागून राहिली. ती कोण होती, तिला काय आवडायचे, हे आम्हाला नायकाच्या प्रेमप्रकरणापेक्षा जास्त ऐकायचे होते.

मराठी वाहिन्यांना आमचे सांगणे आहे. गुप्तहेर हवा असेल तर पुण्याच्या बंगल्यात शोधू नका. वडशाच्या ठाण्यासमोर त्या रात्री जी गर्दी उभी होती, तिच्यातला कोणीही एक घ्या. त्याला झाडीबोली बोलू द्या. आणि नट गडचिरोलीचाच घ्या, झाडीपट्टीच्या रंगभूमीवर थंडीत रात्रभर नाटके करणारे नट तिकडे पुष्कळ आहेत. प्रेक्षकांची काळजी करू नका. मूलच्या त्या घरात जागा पुरली नाही तर आम्ही अंगणात बसू. फक्त त्या वेळी वीज जाऊ देऊ नका, ती आमच्याच जिल्ह्यात तयार होते.