गच्ची नसलेल्यांनाही उन्हाचा वाटा हवा

१९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली. तोवरचा हा उच्चांक गाठला गेला तो दुपारी तीनच्या सुमारास, ऐन उन्हात. ज्या उन्हाने मागणी वाढते, त्याच उन्हातून शहरातल्या शहरात वीज करता येते. सौर पॅनेलमधल्या सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात, दोन थरांच्या सांध्यावरचे विद्युत क्षेत्र त्यांना एका दिशेने लोटते. अशी तयार झालेली डीसी वीज इन्व्हर्टर घरगुती वापराच्या एसी विजेत बदलतो. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा पुरते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. दिल्ली मेट्रोने द्वारका सेक्टर २१ स्थानकाच्या छपरावर ५०० किलोवॉटचा प्रकल्प २०१४ मध्येच उभारला. तंत्र आता नवे राहिलेले नाही. प्रश्न आहे तो वाटपाचा.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. दिल्लीच्या सौर धोरणात तेवढ्या क्षमतेपर्यंतच्या प्रकल्पात तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटला तीन रुपये आहेत. पण हा लाभ मुख्यतः स्वतःची गच्ची असलेल्यांच्या पदरात पडतो. भाडेकरू आणि मजल्यावर मजले चढलेल्या इमारतींतले रहिवासी बाहेरच राहतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये यावर उपाय दिला आहे: प्रकल्प एका जागी, युनिटांची वजावट अनेकांच्या बिलांत. शाळा, रुग्णालये, सरकारी कार्यालये यांच्या गच्च्यांवर असे सामाईक प्रकल्प उभारावेत आणि त्यांतला पहिला वाटा गच्ची नसलेल्या लहान ग्राहकांना द्यावा.

धूळ, धुरके आणि उष्णता यांनी उत्पादन घटते, हे खरे आहे. २५ अंशांपेक्षा जास्त तापलेले पॅनेल वरच्या दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के क्षमता गमावते. म्हणून ही घट आणि धुळीसाठी नियमित धुलाईचा खर्च हिशेबात धरायलाच हवा. रात्रीची मागणीही सूर्य भागवणार नाही. तिथे ग्रिड आणि बॅटरी लागतीलच, आणि तारांच्या देखभालीचा रास्त आकार सौर ग्राहकांनीही द्यावा. मध्य प्रदेशातल्या रीवासारख्या मोठ्या प्रकल्पाची वीज युनिटमागे स्वस्त पडते. दिल्ली मेट्रो ती घेतेही. मात्र अशा प्रकल्पाला वेगळी जमीन आणि लांबच्या वाहिन्या लागतात. दिल्लीला गच्चीवरचे आणि असे मोठे, दोन्ही प्रकल्प हवेत. सार्वजनिक पैशातून स्वस्त होणारी वीज केवळ घरमालकांपुरती राहू नये, ही अपेक्षा पुण्या-ठाण्यातही तितकीच रास्त आहे.