मावळचा अभ्यास मावळात

बारावीनंतर कला शाखेकडे वळलेल्या मावळातल्या मुलामुलींना इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र हे विषय घराजवळ मिळतात. सामाजिक मानवशास्त्र सहसा मिळत नाही. महाराष्ट्रात पदवीला हा विषय मोजक्याच ठिकाणी आहे. पुणे विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे, पण तिथलं मुख्य शिक्षण पदव्युत्तर. त्यामुळे पवना खोऱ्यातल्या एखाद्या मुलाची या विषयाशी पहिली गाठ पडते ती पुण्यातल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये, यूपीएससीचा ‘मार्क देणारा’ वैकल्पिक विषय म्हणून. आपल्याच भावकीत रोज चालणारी नातेव्यवस्था तो तिथे छापील नोट्समधून पाठ करतो. हा क्रम उलटा करायला हवा, असं माझं म्हणणं आहे. विषय पदवीच्या पहिल्या वर्षापासून हवा, आणि तो तळेगाव-लोणावळ्याच्या कॉलेजांत हवा.

यामागे लोकसंस्कृतीचं हळवं प्रेम नाही. या तालुक्यात लोकांच्या जमिनी या विषयातल्या कौशल्यांवर अडून असतात. 2006 च्या वनहक्क कायद्याचंच घ्या. जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. डोंगरपठारावरच्या धनगरांना ही अट लागते. कागद नसतील तर ज्येष्ठांचे लिहून घेतलेले जबाब आणि वंशावळ हे पुरावे नियमांनी मानलेले आहेत. पण वंशावळ उतरवून घेणं हे फॉर्म भरण्यासारखं काम नव्हे. म्हातारं माणूस सन सांगत नाही. धरणाचं काम चालू होतं तेव्हा थोरला रांगत होता, असं सांगतं. लग्नानंतर सुनांची नावं बदललेली असतात, लेकी यादीतून गळतात, एकाच नावाचे आजोबा आणि नातू एकमेकांत मिसळतात. हा गुंता सोडवायचा कसा, नात्यांचा तक्ता मांडायचा कसा, गावातल्या घटनांवरून काळ काढायचा कसा, हे मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवतात.

हक्कसोडपत्रांचंही तसंच. द्रुतगती महामार्ग झाला, तळेगावात एमआयडीसी आली, लोणावळ्याच्या आसपास बंगल्यांचे प्लॉट पडले आणि गुंठ्याला सोन्याचा भाव आला. कायद्याने बहिणीचा वाटा भावाइतकाच, तरी बहिणी सही करून मोकळ्या होतात. दस्तात ‘स्वखुशीने’ असं लिहिलेलं असतं. वकिलाचं काम तिथे संपतं. ती खुशी कशाची बनलेली असते? माहेरचं दार उघडं राहावं, भाऊबीज चुकू नये, भाच्याच्या लग्नात मामाने उभं राहावं, या सगळ्याची ती किंमत असते का? हा प्रश्न नातेव्यवस्थेचा आहे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. त्यातले प्रश्न आजच्या मावळातल्या जमीनव्यवहारांना कुणी लावून पाहिले, तर तलाठी कार्यालयाबाहेरच्या बाकावरच एक प्रबंध तयार होईल.

आणि मावळातल्या बऊरला 9 ऑगस्ट 2011 रोजी जे झालं, ते आहेच. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करत शेतकरी महामार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. कागदावर तो नळयोजनेचा विषय होता. धरणात गेलेल्या जमिनी आणि रेंगाळलेलं पुनर्वसन यांना त्या कागदात रकाना नव्हता. दोनच वर्षांनी आलेल्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यांकन सक्तीचं केलं (राज्याने पुढे काही प्रकल्पांना त्यातून सूट दिली, तो भाग वेगळा). असलं मूल्यांकन करायला कोण येतं, तर बाहेरची माणसं, प्रश्नावली घेऊन.

यावर एक चलाख आक्षेप येतो: गावची माणसं हे काम पदवीशिवायही करतात की! करतात, आणि मावळ-मुळशीतच त्याचा उत्तम दाखला आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं जे काम उभारलं, त्यात या डोंगरी भागातल्या बायकाच संग्राहक होत्या. राज्यभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. दामोदर धर्मानंद कोसंबी तर गणितज्ञ. कार्ल्याची लेणी, आसपासच्या देवी आणि जुन्या वाटा त्यांनी पायी फिरून अभ्यासल्या, त्या मानवशास्त्राच्या कोणत्याही प्रमाणपत्राविना. पण या दाखल्यातून निघतो तो निष्कर्ष उलटा आहे. त्या बायकांमागे वर्षानुवर्षांच्या बैठका होत्या, चर्चा होत्या, पद्धत होती. कोसंबी तर शतकात एखादाच. साध्या बुद्धीच्या, कष्टाळू विद्यार्थ्याला तीच पद्धत मिळावी म्हणून जी सोय करतात, तिलाच अभ्यासक्रम म्हणायचं.

हा साहेबाने आणलेला विषय, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकं मोजून जाती लावल्या, 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, त्यात या ज्ञानाचा हात होता. ते लपवण्यात अर्थ नाही. पण याच शास्त्राने स्वतःचं खोटं पकडायची साधनंही दिली. बर्लिनला ऑयगेन फिशरसारख्या वंशवादी प्राध्यापकाकडे इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि गुरूच्या वांशिक समजुतीला पुरावा मिळत नाही, असं लिहून दिलं. पूर्वी खैरापासून कात काढणारे आणि आता हंगामाला वीटभट्टीवर जाणारे कातकरी आजवर फक्त दुसऱ्यांच्या वह्यांत सापडले. वाडीवरच्या मुलीच्या हातात ती वही येईल तेव्हा प्रश्नही बदलतील. ती आपल्याच माणसांबद्दल आंधळी राहील, ही भीती खरी आहे. म्हणून तिला पहिल्यांदा आयएनएस शिवाजीच्या वसाहतीत, चिक्कीच्या दुकानात किंवा चैत्रात एकवीरेला येणाऱ्या कोळ्यांच्या पालख्यांत पाठवावं. बाहेरची नजर तिथे तयार होते.

अठरा वर्षांच्या पोराची टिपणं काय कामाची, असंही विचारतात. थॉमस कोट्स हा डॉक्टर. त्याने 1819 च्या सुमारास पुण्याजवळच्या लोणीचं, म्हणजे लोणीकंदचं, वर्णन केलं, घरं, पिकं, कर्जं, भांडीकुंडी सगळं. सव्वाशे वर्षांनंतरचं तेच गाव घेऊन समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांना तेव्हाची आणि आताची लोणीकंद अशी तुलना मांडता आली, ती त्या वर्णनात सिद्धांत होता म्हणून नव्हे, नोंदी नेटक्या होत्या म्हणून. नेटक्या नोंदी अठराव्या वर्षी जमतात. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला ‘फील्ड प्रोजेक्ट’ आलाच आहे. पण क्षेत्रकार्य शिकवणारा विषयच नसेल तर तो गुगल फॉर्म आणि चार सेल्फींवर उरकतो.

राहिला नोकरीचा मुद्दा. कला शाखेच्या इतर पदव्यांपेक्षा या विषयाच्या पदवीला जास्त नोकऱ्या आहेत, असा दावा मी करणार नाही. कमी आहेत, असंही कुणी दाखवून दिलेलं नाही. खरी अडचण शिक्षकांची आहे. मंजूर पद नसेल तर विषय सुरू होत नाही, आणि विषय नसेल तर पद मंजूर होत नाही. एम.ए. झालेली, नेट-सेट उत्तीर्ण मुलं तासिका तत्त्वावर भलत्याच कामात वर्षं घालवताहेत. त्यांतल्या दोघांना तळेगावात आणि दोघांना लोणावळ्यात तीन वर्षांसाठी नेमायला विद्यापीठाला फार मोठी तरतूद लागणार नाही.