कमरेची सुई आणि वजनाचा काटा

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट उचलताना साठीतल्या माणसाची कंबर धरली, की दोन सल्ले हमखास मिळतात. ‘वजन उतरवा’ हा पहिला. ‘मणक्यात एक इंजेक्शन घ्या, मोकळे व्हाल’ हा दुसरा. जुन्नर-आंबेगावात दोन्ही सरसकट वाटले जातात, आणि दोन्ही अर्धवट आहेत.

स्थूल माणसांत कंबरदुखी जास्त आढळते, हे नाकारायचे कारण नाही. पण डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुप्याकडे, चिखलात दिवसभर वाकून भात लावणाऱ्या आजीच्या अंगावर उतरवायला आहेच काय? कंबर तिचीही दुखते. उलट म्हातारपणी जेवण तोडून वजन उतरवले, तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. मणक्याला सावरून धरतात ते हेच. क्रेटचे, गोणीचे ओझे मात्र सल्ला देणाऱ्याच्या हिशेबात धरलेलेच नसते.

आता सुई. एमआरआयची फिल्म पिशवीतून निघते आणि निदान होते, ‘मणक्यात गॅप आलाय.’ वास्तविक काहीही न दुखणाऱ्या साठीच्या दहांतल्या आठ-नऊ जणांच्या फिल्ममध्येही चकत्यांची झीज दिसते. तरी त्या फिल्मवर बोट ठेवून स्टिरॉइडची सुई ठरते. 2014 मध्ये अमेरिकेत पन्नाशीपुढच्या, मणक्याची नळी अरुंद झालेल्या 400 रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना स्टिरॉइड आणि भुलीचे औषध, निम्म्यांना नुसती भूल. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत म्हणावा असा फरक उरला नाही. 2025 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी तर जुनाट मणकेदुखीत ही सुई देऊच नये, असे ठामपणे म्हटले. शिवाय मधुमेह्याची साखर सुईनंतर काही दिवस चढते, हे आधी सांगायला हवे.

‘पण आमच्या तात्यांना गुण आला!’ आला असेल. चकती सरकून पायात कळ जाणाऱ्या ताज्या सायटिकात काही आठवडे थोडा उतार पडू शकतो. तेवढ्या अवधीत माणूस चालू लागला, व्यायामाला लागला, तर सुईचे काम झाले. जाड माणसाला ‘आधी वजन, मग उपचार’ म्हणून परत पाठवणेही चूकच. व्यायाम कुठल्याही वजनाला सुरू करता येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांवर भर दिला. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन सरसकट देऊ नये, असे सुचवले. पट्टा मात्र प्रत्येक मेडिकलात टांगलेला असतो.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: दुखणे कमरेत आहे की पायात? गुण किती दिवस टिकेल? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. आणि पायातली ताकद जाऊ लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सुईची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.